एक पॉइंट आठ

आमच्या मोठेबाबांचा मोजमापाच्या यंत्रांवरचा विश्वास उडाला तो कापूस खरेदी केंद्रावर. रात्रभर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, स्वतःच्याच कापसात गळ्यापर्यंत शिरून त्यांनी नंबर लावला होता. डिसेंबरातल्या थंडीत याहून चांगली गादी नाही हे खरं, पण रात्री दव पडतं हेही खरं. सकाळी दहाच्या सुमारास ग्रेडर आला, हातातल्या यंत्राचे लांब खिळे त्याने ढिगात खुपसले आणि म्हणाला, "साडेअकरा."

नियम तसा सरळ आहे. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्यामागे कपात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. मोठेबाबांनी हात जोडून ग्रेडरला ट्रॉलीच्या उन्हाकडच्या अंगाला नेलं. तिथे नऊ निघाले.

"मंग खरं कोणतं?"

"आधी लिहिलं ते," ग्रेडर म्हणाला.

तेव्हापासून आकडा दाखवणारी कोणतीही वस्तू दिसली की मोठेबाबा तिच्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहतात. डेअरीतला लॅक्टोमीटर, दवाखान्यातला थर्मामीटर, पेट्रोल पंपाचा काटा, सगळे एका माळेचे मणी. त्यामुळे कॉलेजात मी कपाशीच्या पानातला डीएनए काढून मोजणार आहे, असं जेवताना सांगितलं तेव्हा त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून एकच प्रश्न विचारला.

"एकरी किती निघते?"

मी म्हटलं, एकरी नाही मोठेबाबा, एका पानातून मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढा निघाला तरी खूप. "मंग कापूसच बरा," म्हणून ते पुन्हा ठेच्याकडे वळले.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवलं तेवढ्याचे पैसे. डीएनएला हे तत्त्व मान्य नाही. त्याला अल्कोहोलमध्ये रात्रभर थंड जागी निवांत बसायचं असतं, आणि त्या रात्रीचं बिल कोणत्याच तक्त्यात बसत नाही. तरी एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पापायी मी यात पडले. राळेगावकडची मुलगी. बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता, म्हणजे तिच्या लेखी जगात कपाशी होती तीच मुळी बीटी. तिच्या घरी बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत येणारं १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट दरवर्षी धुऱ्यावर फेकलं जायचं. हे दुसरं पाकीट वावराच्या कडेने पेरायचं असे. बोंडअळीने तिथे सुखाने खावं, तिथल्या अळ्यांचे पतंग बीटीला सरावलेल्या पतंगांशी जुळावेत आणि विषाला दाद न देणारी जात लवकर तयार होऊ नये, असा तो हिशेब. एवढं सगळं पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असे. पण अळीसाठी राखीव कुरण ठेवा, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगणं म्हणजे चोरासाठी ओसरीवर अंथरूण घालायला सांगण्यासारखं आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने सगळ्यांची बोंडं पोखरली, तेव्हा पाकीट फेकणारे आणि पेरणारे एकाच रांगेत बसले.

तर या मुलीने ते पाकीट पेरलं आणि तिला शंका आली. नॉन-बीटी म्हणून दिलेलं बियाणं खरंच नॉन-बीटी असतं का? शंका उत्तम होती. ती सोडवायचं पीसीआर यंत्र आमच्याकडे नव्हतं. ज्या प्रयोगशाळेत होतं तिचा फॉर्म आला. त्यात नाव-गावाखाली दोन रकाने होते. एकात डीएनएचं प्रमाण, दुसऱ्यात शुद्धता. शुद्धतेच्या रकान्याशेजारी छापलं होतं: २६०/२८०, अपेक्षित १.८.

आमच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर होता. होता म्हणजे, दसऱ्याला त्याला झेंडूचा हार चढत असे. एरवी तो विभागातल्या एका बाईंनी प्रेमाने शिवलेल्या फुलाफुलांच्या झुलीखाली झाकलेला असे आणि नॅकची समिती आली की झूल निघे. आत ड्युटेरियमचा एक दिवा असतो. अतिनील किरण देणारा हा दिवा साधारण हजार-दोन हजार तास चालतो. त्यामुळे तो जपून वापरावा, असं कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं. आमच्या परिचर भाऊंनी त्यातून रास्त निष्कर्ष काढला की तो लावूच नये. किल्ली त्यांच्याकडे. "मॅडम, पाच वर्षांत एकदाही बिघडला नाही," हे ते इतक्या अभिमानाने सांगत, की चालू करा म्हणायला माझी जीभ रेटेना.

पण त्याआधी डीएनए काढायला हवा होता. आणि कपाशीच्या पानातून डीएनए काढणं हे तलाठ्याकडून फेरफार काढण्याइतकं सोपं आहे. पानात पॉलिफेनॉलं असतात, गॉसिपॉल असतं, चिकट साखरा असतात. पान वाटलं रे वाटलं की ही सगळी मंडळी डीएनएला लटकतात आणि नळीच्या तळाशी पांढऱ्याऐवजी चहाच्या गाळासारखा तपकिरी गोळा बसतो. म्हणून पान गोठवून वाटायचं. त्यासाठी द्रव नायट्रोजन लागतो. तालुक्याच्या गावी द्रव नायट्रोजन कुठे मिळतो? जिथे गाई भरवायला आणतात तिथे. पशुवैद्यकीय दवाखान्यात वळूंचं वीर्य त्यातच ठेवलेलं असतं.

मी आणि ती विद्यार्थिनी स्टीलचा थर्मास घेऊन गेलो. रांगेत आमच्या पुढे दोन जर्सी आणि एक गावरान. डॉक्टरांनी आमची पाळी आल्यावर सवयीने विचारलं, "कोणती आहे?" मी म्हटलं, कपाशी. ते सज्जन निघाले. टाकीचं झाकण काढलं, पांढरी वाफ बाहेर लोळली आणि त्यांनी जपून थोडा नायट्रोजन ओतून दिला. "जास्त मागू नका मॅडम, अख्ख्या तालुक्याचं पुढलं दूध आहे आत."

पुढचा सगळा स्वयंपाकच. खलबत्त्यात पानाची पूड, तिच्यावर सीटॅब या रसायनाचं गरम पाणी, त्यात मर्कॅप्टोइथेनॉलचे दोन थेंब. या द्रवाला सडक्या अंड्याचा इतका वास येतो की शेजारच्या मराठी विभागाने लेखी विचारणा केली. विद्यार्थिनीने नाक दाबलं तेव्हा मी तिला मीशरची गोष्ट सांगितली. १८६९ साली ट्यूबिंगेनमध्ये या बाबाने दवाखान्यातल्या जखमांच्या पट्ट्या गोळा केल्या आणि त्यांच्यावरच्या पुवातून पहिल्यांदा हा पदार्थ वेगळा काढला. तिने नाक सोडलं. ६५ अंशांवर तासभर शेक, मग क्लोरोफॉर्म, मग वरचं पाणी अलगद उचलून त्यात थंड आयसोप्रोपेनॉल. नळी हळूच उलटी-सुलटी केली आणि आत पांढरे तंतू तरंगायला लागले. अगदी बारीक, मऊ, एकमेकांत गुरफटलेले.

"मॅडम, कापूसच निघाला," ती म्हणाली.

आता मोजणी. तत्त्व अगदी घरगुती आहे. ग्लासातून पलीकडचा दिवा पाहिला तर पाण्यातून स्वच्छ दिसतो, ताकातून अंधूक आणि कढीतून दिसतच नाही. जितका दाट माल तितका उजेड अडतो. डीएनए डोळ्यांना दिसणारा उजेड अडवत नाही. तो २६० नॅनोमीटरचे अतिनील किरण अडवतो. दहा भागांतला एकच भाग पलीकडे पोचला तर यंत्र १ दाखवतं, शंभरातला एक पोचला तर २. दुपेडी डीएनए असेल तर १ म्हणजे मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. झालं, एवढंच. गुणाकार येणाऱ्या कोणालाही जमेल.

आम्हाला पहिल्या दिवशी जमलं नाही, कारण आम्ही नमुना काचेच्या नळीत भरला. २६० ला काच भिंतीसारखी उभी राहते. किरण पलीकडे जातच नाहीत. यंत्राने मोठा आकडा दाखवायचं सोडून नुसत्या आडव्या रेघा दाखवल्या. भाऊ म्हणाले, "बिघडलं. मी म्हटलं होतं." यासाठी क्वार्ट्झची चौकोनी नळी लागते, क्युव्हेट म्हणतात तिला. कॉलेजने दोन घेतल्या होत्या. एक मी रुजू व्हायच्या आधीच शहीद झाली होती. उरलेली भाऊंच्या कपाटात, कापसात गुंडाळून, गोदरेजच्या डबल लॉकमध्ये. तिच्या दोन बाजू पारदर्शक आणि दोन दुधी असतात. बोटं फक्त दुधी बाजूला लावायची, कारण बोटाचा ठसासुद्धा किरण अडवतो आणि डीएनए म्हणून मोजला जातो. ती नळी मी हातात घेतली तेव्हा भाऊ माझ्या हाताखाली ओंजळ धरून उभे राहिले, तीर्थ घ्यावं तसे.

दिवा तापायला वीस मिनिटं. अठराव्या मिनिटाला लाइट गेली. लाइट आली, पुन्हा वीस मिनिटं. नमुन्याचे २० मायक्रोलिटर ९८० मध्ये मिसळले, म्हणजे पन्नास पट पातळ. आकडा आला ०.८४. मी फळ्यावर गुणाकार केला: ०.८४ गुणिले ५० गुणिले ५०, म्हणजे मिलिलिटरला २१०० मायक्रोग्रॅम. चिमूटभर पानातून! मोठेबाबांना आता एकरी उतारा सांगता आला असता. मग २८० ला मोजलं, भागाकार केला. २.०५.

"मॅडम, १.८ पाहिजे होते, आपले २.०५ आले," विद्यार्थिनीचे डोळे चमकले. "डिस्टिंक्शन!"

हे आपल्या हाडात इतकं भिनलेलं आहे की मलासुद्धा क्षणभर तसंच वाटलं. जास्त म्हणजे चांगलं. पस्तीसला पास असेल तर पंचेचाळीस बरे. पण हा आकडा मार्कांसारखा नसून रक्तदाबासारखा आहे. १.८ च्या खाली सरकला तर प्रोटीन, फेनॉल असलं काहीतरी सोबत आलेलं असतं. २ च्या आसपास गेला तर आरएनए. आम्ही आरएनए कापणारं एन्झाइम टाकायलाच विसरलो होतो. म्हणजे ते २१०० नावाचं घबाड बहुतेक आरएनएचं होतं. लग्नाच्या पंगतीत पानं मोजून वऱ्हाडी किती आले हे ठरवावं आणि निम्मं गाव फुकट जेवून जावं, त्यातला प्रकार.

एन्झाइम टाकलं. अर्ध्या तासाने मोजलं. आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी भाऊंकडे, भाऊंनी छताकडे. नंतर डोक्यात प्रकाश पडला. आरएनएचे तुकडे झाले म्हणून ते नळीतून निघून थोडेच गेले? तिथेच आहेत. उलट, एकमेकांना चिकटून बसलेले असताना जेवढे किरण अडवत, त्याहून जास्त ते सुटे झाल्यावर अडवतात. एकत्र कुटुंब वेगळं झालं की मतं वाढतात, तसं. ते तुकडे घालवायला डीएनए पुन्हा खाली बसवून धुवावा लागतो. धुतला. आकडा ०.११. म्हणजे २१०० वरून थेट २७५ वर. आणि शुद्धता १.५२. त्यातून आणखी एक गुणोत्तर काढतात, २६० ला २३० ने भागून. ते दोनच्या आसपास हवं, आमचं आलं ०.७. साखरा आणि पॉलिफेनॉलं तिथे ठाण मांडून बसली होती. नळीतला रंग पाहूनच कोणीही सांगितलं असतं. फिका चहा.

त्या रात्री मी या १.८ चा वंश शोधत बसले. आणि जे सापडलं त्याने माझं समाधान झालं. ऑटो वॉरबुर्ग म्हणजे १९३१ चं नोबेल मिळालेला माणूस. त्याने आणि ख्रिश्चन या सहकाऱ्याने १९४२ साली २६० आणि २८० ची ही जोडी वापरात आणली ती प्रोटीन मोजण्यासाठी. त्यांना हवं होतं शुद्ध एन्झाइम, आणि त्यात न्यूक्लिक आम्लाची भेसळ किती हे पाहायचं होतं. म्हणजे ज्या आकड्यासमोर आम्ही डीएनएच्या शुद्धतेसाठी पदर पसरून उभे होतो, तो मुळात डीएनएलाच भेसळ धरून बेतलेला होता! बरं, या भेसळ पकडणाऱ्याची नजर तरी तीक्ष्ण असावी? डीएनए इतक्या जोरात किरण अडवतो की त्यात वजनाने निम्मं प्रोटीन मिसळलं तरी गुणोत्तर जेमतेम हलतं. उलट पाणी थोडं आम्लधर्मी असलं तर शुद्ध डीएनएसुद्धा दोन-तीन दशांशांनी घसरलेला दिसतो. आमच्या बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी झाकणाविना पडलेलं, हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पिऊन आंबट झालेलं. म्हणजे चोर सुटावा आणि सावाला दंड व्हावा, अशी सोय पाण्यातच होती. खरेदी केंद्राची आठवण झाली.

याच आठवड्यात मोठेबाबा सातबारा काढायला तहसीलमध्ये आले होते. सर्व्हर डाउन होता, म्हणून ते प्रयोगशाळेत येऊन बसले. धोतर सावरून स्टुलावर, टोपी मांडीवर.

"काय करून रायली वं?"

मी नळी दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली.

"हे मशीन सांगते का, डीएनए कोणाचा हाय ते?"

"नाही. किती आहे तेवढंच सांगतं."

"मंग वाघिणीच्या वक्ताले कसं सांगत होते?"

हा प्रश्न आमच्या भागात फक्त मोठेबाबांचा नाही. टी-वन वाघीण, पेपरवाल्यांची अवनी, पांढरकवडा-राळेगावच्या जंगलात फिरत होती त्या दिवसांत डीएनए हा शब्द चहाच्या टपरीवर आला आणि तिथेच राहिला. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. सूर्य कलला की वावरात कोणी थांबत नव्हतं, जागली ओस पडल्या होत्या. मृतांच्या जखमांवरून लाळेचे नमुने घेऊन तपासायला पाठवत आणि इकडे टपरीवर निकाल लागत. केल्विन क्लाइनच्या अत्तराचं आमिष लावल्याच्या बातम्या आल्या तेव्हा मोठेबाबा म्हणाले होते, आपल्याले आंघोळीचं साबण महाग. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली.

मी सांगितलं की तसल्या नमुन्यात हे आमचं मशीन बिनकामाचं. जखमेवरच्या बोळ्यात वाघाचा डीएनए कणभर, त्या माणसाचा मणभर आणि जिवाणूंचा त्याहून जास्त. २६० च्या किरणांना तिघं सारखेच. यंत्र सगळ्यांची एक बेरीज करून देईल आणि वर १.८ दाखवून शाबासकीही देईल. वाघ ओळखायला फक्त वाघाच्याच डीएनएला लागू पडणारी वेगळी तपासणी लागते.

"म्हंजे ह्याच्यासाठी वाघ न् पराटी एकच."

"एकच."

ते गप्प बसले. मग मी मोजणी सुरू केली आणि त्यांचं लक्ष एका गोष्टीवर खिळलं. नमुना घालण्याआधी मी नुसतं द्रावण भरलेली क्युव्हेट आत ठेवली आणि बटण दाबून शून्य केलं.

"हे काय केलं?"

"ब्लँक. माल नसलेलं पाणी आधी मोजायचं. नळीचं, पाण्याचं, दिव्याचं जे काही असेल त्याला शून्य धरायचं. मग माल घालायचा."

"दर वेळी?"

"दर वेळी."

मोठेबाबा स्टुलावरून उठून यंत्राजवळ आले. "म्हंजे आधी मशीनचं मोजता, मंग मालाचं." असं म्हणून त्यांनी टोपी डोक्यावर घातली. माझ्या आख्ख्या शिक्षणात ब्लँकची इतकी नेटकी व्याख्या कोणी केली नव्हती.

पुढे आम्ही सुधारलो. अगदी कोवळी पानं घेतली, पॉलिफेनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी टाकलं, क्लोरोफॉर्म दोनदा फिरवला, पाण्याऐवजी बफर आणला. एका शनिवारी आकडा आला १.८१. २३० चं गुणोत्तर २.१. नळीतलं द्रावण काचेसारखं नितळ. भाऊंनी पेढे आणले. मी फॉर्मचा रकाना निळ्या शाईने भरला. सोमवारी सहज म्हणून तो नमुना, डीएनए अखंड आहे की तुटलेला हे दाखवणाऱ्या जेलवर चालवला. धड असता तर वर एक घट्ट पट्टा दिसला असता. दिसलं काय, तर वरपासून खालपर्यंत ओघळ, भिंतीवर चुना सांडावा तसा. रविवारी दिवसभर लाइट नव्हती. फ्रीज गरम झाला होता आणि डीएनएचा भुगा झाला होता. यंत्राकडे मी पुन्हा तोच नमुना नेला. त्याने पुन्हा १.८१ च दाखवले. भुगाही शुद्धच होता.

गंमत म्हणून शेजारच्या खान्यात आमचा तो जुना, फिक्या चहाचा, १.५२ वाला नमुना चालवला. त्याचा पट्टा वर, ठसठशीत, जागच्या जागी.

फॉर्मवर काय लिहावं यावर आमच्या विभागात दोन दिवस चर्चा झाली. अखेर नव्याने पानं वाटायची ठरलं आणि मी पुन्हा थर्मास घेऊन गाईंच्या रांगेत उभी राहिले. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळी ठरली नाही का?" नमुने आता गेले आहेत, निकाल यायचा आहे.

मोठेबाबांचा कापूस मात्र वेळेवर गेला. या हंगामात मीच त्यांच्यासोबत होते. ट्रॉली रात्रभर ताडपत्रीने झाकलेली. सकाळी ग्रेडर आला, खिळे वर केले, आणि तो ते ढिगात खुपसणार एवढ्यात मोठेबाबांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब बाप्पा. ब्लँक घेतला का?"

ग्रेडरने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मागे लागलेल्या चाळीस गाड्यांकडे.

"बँक ना? आधार जोडलेली पाहिजे, बाबा," तो म्हणाला. "पासबुकाची झेरॉक्स तिकडं खिडकीवर द्या. दहा पॉइंट पाच."